कोणते काका?

जगात सरळ उभी अशी एकही वस्तू नाही, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. आणि ती नेमकी किती अंशांनी वाकडी आहे हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस फक्त आपणच, हे त्याचं दुसरं ठाम मत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याचा कुठला कान वर आहे हे तो ओळखे. पाहुण्यांकडे गेला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करी आणि मग नमस्कार करी.

"अंशाचं काम असलं ना, तर माझ्याकडून चूक व्हायचीच नाही," असं तो सारखं म्हणायचा. माणसानं असं मोठ्यानं बोलू नये. पण त्याला सांगणार कोण?

अशा माणसाच्या हाती एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी लागली. मुळात बुटकी. आत बसायचं म्हणजे आधी पाठ टेकवायची, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा आणि शेवटी डोकं. बाहेर पडायचं म्हणजे तर वेगळीच कसरत. तरी या गृहस्थाचं म्हणणं, गाडी अजून खाली घ्यायची.

"आणखी खाली?" बायकोनं विचारलं. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, आणि दिवसभर पाण्यात काढूनही तिचं डोकं घरात सगळ्यात कोरडं असे. "घेतल्यावर काय होतं?"

"वळणावर रस्त्याला चिकटून राहते."

"आपल्या गल्लीत वळण एकच आहे. तिथेही भाजीवाला उभा असतो."

चष्मेवाल्यानं हे ऐकलंच नाही. तो तेव्हा जेवणाच्या ताटासमोर दोन काटे आणि एक चमचा मांडून बसला होता. काटे म्हणजे चाकं धरणाऱ्या दांड्या आणि चमचा म्हणजे रस्ता. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. ज्याची उंची फिरवून कमीजास्त करता येते असा स्प्रिंग आणि धक्के झेलणाऱ्या शॉकचा जोड घ्यायचा, की नुसत्या आखूड स्प्रिंगा बसवायच्या? दांड्यांच्या सांध्यात बसतात ते बुश रबरी बरे की कडक? "रबरी बुश म्हणजे नाकावरची मऊ पॅड," तो बायकोला समजावून सांगे. "आराम वाटतो, पण चष्मा घसरतो. कडक म्हणजे घसरत नाही, पण नाक दुखतं." बायको म्हणे, "म्हणजे माझंच नाक दुखणार." शेवटी त्यानं पुढे कडक आणि मागे रबरी ठरवले, कारण तिसरं माणूस बरोबर असलं की मागच्या सीटवर बायको बसते. एवढं प्रेम आपण दाखवलं, पण तिच्या ते लक्षातच आलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त जीव त्यानं कशात घातला असेल, तर चाकाचा वरचा काठ किती आत झुकवायचा यात. गाडी खाली घेतली की चाकं सरळ उभी ठेवून चालत नाही, वरून थोडी आत कलवावी लागतात. तो कल अंशांत मोजतात, आणि आत झुकलेल्या कलाला गाडीवाले मायनस म्हणतात. मायनस! हे ऐकल्यावर चष्मेवाल्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांचे मायनस काढले, आता चाकांचे काढायचे. कल हवा तसा बदलता यावा म्हणून त्यानं लांबीला कमीजास्त होणाऱ्या दांड्या मागवल्या आणि बऱ्याच विचारांती नंबर ठरवला. पुढची दोन्ही चाकं मायनस दोन, मागची दोन्ही मायनस दीड.

पण हे सगळं खेळ म्हणून चाललं नव्हतं, कारण मध्ये पप्पा होते.

पप्पा म्हणजे बायकोचे वडील. निवृत्तीपर्यंत ते गाडी चालवण्याचा परवाना द्यायच्या कचेरीत परीक्षक होते, आणि सगळं गाव त्यांना नापाससाहेब म्हणे. आजही ते बाजारात दिसले की लोक नकळत सीटबेल्ट चाचपतात, पायी असले तरी. चष्मेवाल्यालाही त्यांनी लग्नाआधी एकदा नापास केलं होतं. पुढे त्यानं मुलीला मागणी घातली, तेव्हा पप्पांनी होकार दिला खरा, पण शब्द वापरला तो "शिकाऊ परवाना" असा. तो पक्का केल्याचं अजून त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

बायकोनं एक दिवस तोडगा काढला. "रविवारी पप्पांच्या कचेरीतल्या सगळ्या निवृत्तांचा मेळावा आहे. पप्पांचं भाषण आहे. तू त्यांना तुझ्या गाडीतून ने. त्यांनी गाडी पास केली तर ती राहील, मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. नापास केली तर विकायची आणि माणसं माणसासारखी बसतील अशी घ्यायची."

 ती गाडी चष्मेवाल्याला फार आवडायची. दुकान बंद केल्यावर तो रोज थोडा वेळ तिच्यात नुसता बसे, इंजिन चालू न करता, हात स्टीअरिंगच्या चाकावर ठेवून. दिवसभर लोकांच्या नाकावर वाकणाऱ्या माणसाला तेवढा वेळ समोर फक्त रस्ता दिसायचा. पण नाही म्हणायला जागा नव्हती. पप्पांनी तर परीक्षा आनंदानं कबूल केली. निवृत्तीनंतर कुणाला नापास करायची संधीच आली नव्हती त्यांना.

त्याच आठवड्यात पप्पा स्वतःच्या चष्म्यावर बसले. चष्मेवाल्यानं त्यांचे डोळे तपासून नवा नंबर काढला, आणि इथून पुढे घोटाळ्याची सगळी तयारी झाली.

काचा घासून देणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. चाकांचं काम करणारे एक मिस्त्री होते. त्यांनाही सगळे काकाच म्हणत. गुरुवारी चष्मेवाल्याला एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला जायचं होतं आणि फोन बंद राहणार होता, म्हणून तलावाला सुट्टी असलेली बायको दुकानात बसणार होती. चहा पिता पिता त्यानं तिला पढवलं.

"आधी काचवाल्या काकांचा फोन येईल. त्यांना पप्पांचा नंबर सांगायचा. मग चाकवाल्या काकांचा येईल. त्यांना गाडीचा."

"लिहून दे."

"लिहायचं काय त्यात? दोन काका, दोन नंबर. म्हणून दाखव बघू."

तिनं म्हणून दाखवले. तिचं पाठांतर चोख होतं, हे मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं त्यात तिच्या आकड्यांची काही चूक नव्हती.

झालं असं, की काचवाले काका त्या दिवशी जरा उशिरा उठले.

पहिला फोन आला तेव्हा पलीकडे कसलंसं मशीन घरघरत होतं. "वहिनी, काका बोलतोय. मशीन लावून बसलोय, नंबर सांगा."

"कोणते काका?"

"चाकवाले!"

आता चाक आणि काच यांत फरक तो काय? तीच दोन अक्षरं, नुसती मागेपुढे. त्यात ती घरघर. शिवाय पहिला फोन काचवाल्यांचाच, हे नवऱ्यानं पढवून ठेवलेलं. तिनं धडाधड म्हणायला सुरुवात केली. "लांबचा उजवा मायनस साडेतीन, डावा मायनस अर्धा."

पलीकडे मिस्त्री थबकले. लांबचा म्हणजे पुढचा, एवढं त्यांनी लावून घेतलं. "उजवा-डावा वेगवेगळा?"

"वयोमानानं होतंच की हो. जवळचा दोन्हीकडे अधिक दोन."

"मागची अधिक? म्हणजे बाहेर फाकवायची?"

"ते तुमचं तुम्ही बघा. चाळिशी उलटली की सगळ्यांना अधिक लागतो. यांचं तर शहात्तर."

"शहात्तरचं मॉडेल?" मिस्त्रींच्या आवाजात आदर आला. "दिसत नाही तेवढं जुनं."

"तब्येत सांभाळली आहे. रोज फिरायला जातात."

मिस्त्रींना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण मोठ्या दुकानाचे मालक गाडीविषयी आदरार्थी बोलत असतील, असं त्यांनी मानलं. बायकोला वाटलं, काचवाले काका बोलघेवडे दिसतात. तिनं फोन ठेवला.

दुसरा फोन आला तेव्हा आवाज स्वच्छ होता. "बेटा, काका बोलतोय. नंबर सांगतेस ना?"

आता हे चाकवालेच असणार. "हो. पुढे मायनस दोन, मागे मायनस दीड."

काचवाले काका चष्म्याच्या धंद्यात म्हातारे झाले होते. पुढे म्हणजे लांबचं, मागे म्हणजे जवळचं असेल, नव्या पिढीची भाषा. "बरं. आणि सिलिंडर?"

डोळ्यातला तिरपेपणा काढायला सिलिंडरचा नंबर असतो, हे पोहणाऱ्या बाईला कुठून ठाऊक असणार? गाडीच्या सिलिंडरविषयी मात्र तिनं जेवताना, झोपताना, सगळीकडे ऐकलेलं होतं. "चार," ती म्हणाली.

"चार? नक्की?"

"काका, रोज ऐकते मी. चारच आहेत."

"अरेरे. फारच आहे गं. आणि ॲक्सिस?"

काका विचारत होते तो काच बसवायचा कोन, तिनं मात्र ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, ऐकलं. "दोन. एक पुढे, एक मागे."

"दोन," काकांनी सुस्कारा सोडून लिहून घेतलं. "फ्रेम कशी बसवायची?"

"खाली. जेवढी खाली जाईल तेवढी. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

संध्याकाळी चष्मेवाल्यानं विचारलं, "दोन्ही काकांना सांगितलंस?" ती म्हणाली, "तू पढवलंस तसंच." दोघंही खूश झाले.

शनिवारी चष्म्याची डबी आली. काचवाल्या काकांच्या हातची चूक त्यानं कधी पाहिली नव्हती, म्हणून चष्मा मशीनवर न तपासताच त्यानं पुसून ठेवला. गाडी मिस्त्रींनी रविवारी सकाळी, अगदी निघायच्या वेळेला दारात आणून उभी केली. किल्ली देताना ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं तसं केलंय. पण असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं."

चष्मेवाल्याला हे कौतुक वाटलं. त्याची छाती फुगली. चाकांकडे बघायला कुणाला सवडच नव्हती, कारण तेवढ्यात पप्पा गाडीत शिरत होते आणि तो कार्यक्रम बघण्यासारखा होता. आधी काठी आत गेली, मग पप्पा अर्धे, मग काठी पुन्हा बाहेर आली. शेवटी बायकोनं मागच्या इवल्याशा सीटवर घडी घालून घेत त्यांना खांदे धरून ओढलं.

"खाली केली आहे म्हणता," बसल्यावर पप्पा म्हणाले. "रस्त्यावरची मुंगी मला समोरासमोर दिसतेय, जावईबापू."

"पप्पा, नवा चष्मा लावा. सगळं स्वच्छ दिसेल."

पप्पांनी चष्मा लावला. तो नाकाच्या शेंड्यावरून ओठाच्या दिशेनं निघाला. पप्पांनी हनुवटी वर करून त्याला थोपवलं आणि तशाच अवस्थेत हुकूम दिला, "चला. परीक्षा सुरू."

गाडी फाटकाबाहेर पडली आणि सरळ डावीकडच्या दिव्याच्या खांबाकडे निघाली. चष्मेवाल्यानं चाक उजवीकडे खेचलं. गाडी नाखुशीनं सरळ झाली. हात जरा सैल सोडला, तर पुन्हा खांब. बिचारा दोन्ही हातांनी, खांद्यानं, दातओठ खाऊन चाक उजवीकडे धरून बसला. मागून चाकांचा कुईं-कुईं असा आवाज येत होता. आता संपलं, त्याच्या मनात आलं. गाडी गेली हातची.

"उत्तम," पप्पा म्हणाले.

"काय?"

"गाडी नाकासमोर चालली आहे. इतकी सरळ गाडी मी नोकरीत पाहिली नाही. फक्त रस्ता जरा उजवीकडे कललाय. आणि घरंही. सगळ्याच घरांचं बांधकाम निकृष्ट."

चष्मेवाल्यानं दचकून पप्पांकडे पाहिलं. त्या चष्म्याआड पप्पांचे डोळे तिरपे ताणल्यासारखे दिसत होते. असे डोळे दिसायला काच किती चुकीच्या नंबरची लागते, हे त्याला न मोजता कळलं. तो गाडी अगदी गोगलगाईसारखी हाकत, आरशात बघून कुजबुजला, "काकांना तू काय सांगितलंस?"

"कितीदा विचारशील?" गुडघ्यांमधून उत्तर आलं. "पुढे मायनस दोन, मागे मायनस दीड. सिलिंडर त्यांनीच विचारले, मी चार सांगितले."

"सिलिंडर कोणी विचारले?"

"काकांनी."

"कोणत्या काकांनी?"

मागे दोन्ही काका बोटांवर पुन्हा मोजून झाले. मग बायको म्हणाली, "अगं बाई."

सगळा प्रकार चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. गाडीला पप्पांचा नंबर लागला होता आणि पप्पांना गाडीचा. गाडी डावीकडे पळत होती, पप्पांचं जग उजवीकडे कललं होतं, आणि दोन्ही चुका मिळून पप्पांना आयुष्यातली पहिली बिनचूक गाडी दिसत होती.

म्हणजे गप्प बसलं की झालं! सभागृह आलंच होतं. पप्पा चष्म्यासकट उतरतील, पास म्हणतील, गाडी राहील. चष्मा काय, उद्या बदलता येईल. त्यानं गाडी उभी केली. मनात उकळ्या फुटत होत्या.

पप्पांनी खिशातून भाषणाचे कागद काढले, शेवटची उजळणी म्हणून. एक डोळा मिटला, मग दुसरा. कागद लांब धरला, जवळ आणला.  मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, अक्षरं हलतात हो. माझे डोळे गेले वाटतं."

नापाससाहेबांच्या तोंडून असा आवाज चष्मेवाल्यानं कधीच ऐकला नव्हता. मनातल्या उकळ्या जागच्या जागी विझल्या. गाडी किती आवडते हे त्याला माहीत होतं, पण डोळे गेले असं वाटणारा माणूस समोर बसलेला असताना चष्मेवाल्यानं गप्प बसायचं, हे काही त्याला जमेना.

"डोळे ठणठणीत आहेत, पप्पा. तुम्ही माझ्या गाडीचा नंबर लावलाय."

त्यानं सगळं सांगितलं. मागून बायकोनं उरलेलं सांगितलं.  चष्मेवाला धावत गाडीच्या मागे गेला. शाळेत नेलेली डोळे तपासायची पेटी त्यानं निघताना सवयीनं डिकीत टाकली होती. तिच्यातली, काचा बदलता येणारी काळी, गोल, जड चौकट त्यानं काढली, पप्पांचा खरा नंबर तोंडपाठ होताच, एकेक काच खाचेत बसवली आणि पप्पांच्या कानांवर चढवली. पप्पा एखाद्या यंत्रासारखे दिसायला लागले. त्यांनी कागद उचलला.

"सन्माननीय सहकाऱ्यांनो," ते वाचू लागले. पुढचं वाक्यही वाचलं. मग कागद नीट घडी घालून खिशात ठेवले, आणि दार उघडून, कुणाचीही मदत न घेता, गाडीतून बाहेर आले. एवढ्या खालच्या गाडीतून. कसे आले ते त्यांनाच ठाऊक.

भाषण फक्कड झालं. ती चौकट लावून व्यासपीठावर उभे राहिलेले पप्पा बघून सगळे निवृत्त परीक्षक आधी हबकले आणि मग असे हसले, की अध्यक्षांना पाणी द्यावं लागलं. पप्पांनी सगळा किस्सा भाषणात घातला. चष्मेवाला शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला होता. तोही हसला, पण जपून. निकाल लागायचा होता.

बाहेर आल्यावर पप्पा गाडीसमोर उभे राहिले. आता त्यांना लख्ख दिसत होतं. पुढचं उजवं चाक भिंतीला टेकून पेंगणाऱ्या माणसासारखं झुकलेलं, डावं जवळपास ताठ. मागची दोन्ही बाहेर फाकलेली, जुन्या पहिलवानाच्या पायांसारखी. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. काठीनं टायर ठोकला. सवयीनं बॉनेटवर हात ठेवला, तसा तो निकाल सांगताना ते नेहमी ठेवत.

"उजवा साडेतीन, डावा अर्धा, जवळचा अधिक दोन," ते म्हणाले. "माझाच नंबर. हे डोळे घेऊन मी जन्मभर नोकरी केली, एक दिवस कुणी मला नालायक म्हटलं नाही. मग हिला कोणत्या तोंडानं नापास करू?"

"म्हणजे पप्पा...?"

"गाडी पास."

चष्मेवाल्याला काय करावं सुचेना. त्यानं आधी पप्पांचे पाय धरले, मग बायकोचा हात धरला आणि मग गाडीच्या छतावरून हात फिरवला, त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कुठल्याही नंबरचं नव्हतं, आनंदाचं होतं.

"थांबा, निकाल पुरा झालेला नाही," पप्पा म्हणाले. "हात चाकावर चुकीच्या जागी. सगळा रस्ताभर मान आरशाकडे, तीही बायकोशी कुजबुजायला. समोर दिव्याचा खांब दिसत असताना त्याच्याकडे कूच. चालक नापास."

परत येताना गाडी बायकोनं चालवली. पोहून कमावलेले तिचे दंड, चाक उजवीकडे धरायला तिला काही वाटलं नाही. नापास चालक मागच्या सीटवर होता. गुडघे कानांना लागलेले, आणि मागचे बुश रबरी घेतल्याचं आज पहिल्यांदा सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. पप्पा त्या काळ्या चौकटीत ताठ बसून मुलीला सूचना देत होते, आणि ती मजेत ऐकत होती.

"घरी गेल्यावर पहिलं काम," ती म्हणाली, "काकांना फोन करून खरा नंबर सांगते."

पुढून आणि मागून एकदमच आवाज आला, "कोणत्या काकांना?"